स्कर्टिंगमागची फट: पांढरं सिमेंट नको

वाकड्या भिंतीवर टाइलची स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावायची पट्टी) कशी बसवायची, या प्रश्नावर वर दोघांनी ती तशीच लावून मागची फट पांढऱ्या सिमेंटने भरायला सांगितलंय. बारीक सांध्याला ते चालतं, पण जाड भरलं की आक्रसतं आणि चिरतं.

आधी सहा फुटी अॅल्युमिनियमची पट्टी भिंतीला खाली टेकवून बघा. ३-४ मिमीचा फरक टाइल अॅडहेसिव्हच्या (टाइल चिकटवायच्या तयार मिश्रणाच्या) थरात जिरतो. जास्त असेल तर फुगवटा छिन्नीने उतरवा, खड्डा १:४ मसाल्याने (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) भरून सुकू द्या. भिंतीवरचा रंग आणि पुट्टी स्कर्टिंगच्या उंचीपर्यंत खरवडायलाच हवी. नाहीतर टाइल पुट्टीला चिकटते आणि पुट्टीसकट सुटते. गवंडी हे टाळतात, तेव्हा उभं राहून करून घ्या.

व्हिट्रिफाइड (काचेसारखी घट्ट भाजलेली) टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटवर नीट धरत नाही. अॅडहेसिव्ह पूर्ण पाठीवर लावा. चार कोपऱ्यांत गोळे ठेवले की मध्ये पोकळ राहतं, झाडूचा दांडा लागला तरी टवका उडतो.

दोन्ही टोकांच्या टाइल आधी बसवून मध्ये दोरी ताणा. टाइलच्या वरच्या कडेची फट अॅक्रिलिक सीलंटने भरा, सिलिकॉनवर रंग बसत नाही.