खाजणात (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतात) खारं पाणी शिरतंय: बांध, तिवरं (कांदळवन) आणि भाताच्या बियाण्याबद्दल मदत हवी आहे

भिवंडी तालुक्यात उल्हासच्या खाडीलगत काकांची भातशेती आहे. मी ठाण्यात राहतो, कागदपत्रांचं मी बघतो. गेल्या पावसाळ्यात अमावास्येच्या उधाणाला बाहेरच्या बांधाला खांड पडली, म्हणजे तो एका जागी फुटला. उघाडीची (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची) झडप आधीच कुजली होती. आता भरतीचं पाणी आत येतं आणि ओहोटीला पुरतं निघत नाही.

पूर्वी पावसाळ्याआधी सगळे खातेदार मिळून बांधावर चिखल चढवायचे, खेकड्यांची बिळं बुजवायचे. आता निम्म्या जमिनी गोदामांना गेल्या. उरलेल्या चार घरांनी एवढा लांब बांध कसा राखायचा? आमचा बांध १९७९च्या खारभूमी कायद्याखालच्या सरकारी योजनेत आहे की खासगी, हे कुठल्या कागदावर कळतं? सातबाऱ्यावर काही नोंद नाही.

त्यात खांडीजवळ तिवरांची रोपं उगवली आहेत. उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालानुसार खासगी जमिनीतल्या तिवरांनाही हात लावता येत नाही, भोवतीचं ५० मीटर क्षेत्रही राखीव. ती तोडायची आमची इच्छाही नाही, लाटांचा मार तीच झेलतात. पण ती तशीच ठेवून, आतल्या बाजूने जुन्याच जागी मातीचा बांध घालायला परवानगी मिळते का? अर्ज आधी कांदळवन कक्षाकडे करायचा की तहसीलदारांकडे? कोणी हे केलं असेल तर कृपया क्रम सांगा. रोपं वाढत चालली आहेत, उशीर झाला तर शेतच राहणार नाही अशी भीती वाटते.

मातीबद्दलही विचारायचं आहे. दुकानदार जिप्सम टाका म्हणतो. मला वाटतं ते चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेल्या) जमिनीसाठी. आमच्याकडे मुख्यतः क्षार आहेत, उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो. पावसाचं पाणी कोंडून ते विरघळवायचे आणि ओहोटीला उघाडीतून सोडायचे, ही काकांची रीत मला जास्त पटते. तरी तपासणी करून घेणार आहे. नमुना उन्हाळ्यात घ्यावा की पहिल्या पावसानंतर?

काका अजून काळा राता हे खारं पाणी सोसणारं जुनं भात पेरायचं म्हणतात, पण शुद्ध बी मिळेना. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या पनवेल १, २, ३ या भाताच्या वाणांपैकी, पाणी साचणाऱ्या खोलगट खाचरात कोणतं टिकतं? आणि तिथे लावणी बरी की मोड आलेलं बी फेकून रहू पद्धत? खारेपाटात (खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात) प्रत्यक्ष पिकवणाऱ्यांनी जरूर लिहा. मृगाआधी बी घरात हवं.