इनटेक मॅनिफोल्ड खालून अडकलाय, काही न मोडता कसा काढू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा लवकर बघा प्लीज, गाडी उघडी पडलीय.

गाडी पेट्रोल, ४ सिलेंडर, १२ वर्षं जुनी. नॉक सेन्सर (इंजिनातली ठकठक ओळखणारा) गेलाय आणि तो नेमका मॅनिफोल्डच्या (सिलेंडरांत हवा नेणाऱ्या नळ्यांचा भाग) मागे इंजिनच्या ब्लॉकवर बसवलेला, त्यामुळे मॅनिफोल्ड काढल्याशिवाय हातच पोचत नाही. काल बॅटरीची निगेटिव्ह काढली, एअर फिल्टरचा पाइप काढला, थ्रॉटल बॉडी (हवेची झडप) सोडवली, मग दिसतील तेवढे सगळे बोल्ट काढले आणि आता मॅनिफोल्ड वरून बोटभर पुढे येतोय पण खालून हलायचं नाव नाही. जोर लावायची हिंमत होत नाही, प्लास्टिकचा आहे, तडा गेला तर सगळंच बोंबललं.

धास्ती जास्त यासाठी की दोन वस्तू आधीच मोडल्यात. दुसऱ्या इंजेक्टरच्या (पेट्रोल फवारणारा) कनेक्टरचं लॉक नखाने दाबलं तर कट्ट आवाज आला आणि तुकडा हातात, प्लास्टिक पार बिस्किटासारखं झालेलं. पीसीव्हीचा (इंजिनातले वायू परत इनटेकमध्ये नेणारा) रबरी पाइप ओढला तर तोही कोपऱ्यात चिरला.

तर खालून काय धरून ठेवलं असेल? फ्युएल रेल (इंजेक्टरांना पेट्रोल देणारी नळी) काढावीच लागते का? आणि परत बसवताना गॅस्केटला (सांध्यातलं सील) सिलिकॉन लावायचं का, कोणी लाव म्हणतं कोणी नको.

प्रतिसाद:
दादा, आधी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा, फटीत घालून उचकटू नका, इंजिन हेडची मॅनिफोल्ड टेकतो ती बाजू अॅल्युमिनियमची असते, एक ओरखडा पडला की तिथून कायमचं हवा घेत राहतं. बऱ्याच गाड्यांत मॅनिफोल्डला खालून ब्लॉकपर्यंत एक सपोर्ट ब्रॅकेट असतो, वरून तो दिसतच नाही. छोटा आरसा नाहीतर मोबाइलचा कॅमेरा खाली सरकवून बघा. वायरिंगच्या क्लिपा आणि ब्रेक बूस्टरचा (ब्रेक हलका करणारा) व्हॅक्युम पाइप पण तपासा, बहुतेक यातलंच काहीतरी अडलंय.

रेल वाटेत येत असेल तरच काढा. प्रेशर सोडायला एरवी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून गाडी बंद पडेपर्यंत चालवतात, पण तुमची आता खोललेलीच आहे, तेव्हा इंजिन पूर्ण गार असताना सांध्याभोवती जाड फडकं गुंडाळून हळूहळू सोडा, डोळ्याला गॉगल लावा, आसपास ठिणगी नको. रेल काढलीत तर इंजेक्टरच्या ओ-रिंग नव्याच टाका आणि बसवताना तेलाचं बोट फिरवा, नाहीतर चिमटून फाटतात.

जुने रबरी पाइप ओढायचे नाहीत, आधी जागच्या जागी गोल फिरवून चिकटलेलं सोडवायचं मग काढायचे. कडक झालेला असेल तर सरळ कापा, नवा पाइप टाकता येतो, मॅनिफोल्डवरचं पाइप बसतो ते तोंड तुटलं तर पूर्ण मॅनिफोल्ड बदलायची वेळ येते.

मॅनिफोल्ड निघाला की पहिलं काम, हेडच्या पोर्टांत (हवा आत जायची भोकं) स्वच्छ फडकी कोंबा आणि किती कोंबली ते मोजून ठेवा. एक वॉशर आत गेला तरी इंजिन उघडावं लागेल. खाचेत बसणारं रबरी गॅस्केट असेल तर सिलिकॉन अजिबात नको, कोरडं नवं गॅस्केट. बोल्ट सगळे आधी हाताने चढवा, मग मधून बाहेर असे दोन-तीन फेऱ्यांत टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणारा पाना). जोराचा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या, दुसऱ्या गाडीचा नको.

धागाकर्ता:
सापडला!! ब्रॅकेटच होता, अगदी खाली १२ नंबरचा एकच बोल्ट, आरशात दिसला. तो काढल्यावर मॅनिफोल्ड दोन हातांनी अलगद बाहेर आला, काहीही मोडलं नाही. पोर्टांत ४ फडकी घातली होती, ४ बाहेर काढली. सेन्सर बदलला, नवं गॅस्केट, पीसीव्हीचा पाइप नवा, लॉक तुटलेल्या कनेक्टरला सध्या केबल टाय बांधलाय, नवीन कनेक्टर टाकणार आहे.

चालू केली तर आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) १५०० आरपीएमला अडकला आणि मागून सुस्स आवाज. गाडी लगेच बंद केली, बघितलं तर ब्रेक बूस्टरचा पाइप अर्धाच बसलेला. पूर्ण आत दाबून क्लॅम्प लावला आणि आयडल ७५० वर आला. दादा, तुम्ही वेळेवर थांबवलंत म्हणून वाचलो, मनापासून आभार.