मदत हवी आहे: खंजिरी भजनाच्या रेकॉर्डिंगसाठी ऑडिओ इंटरफेस दोन इनपुटचा घ्यावा की चार?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात, गुरुकुंज मोझरीच्या पट्ट्यात आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली गेले. लहानपणी त्यांना खंजिरीवर गाताना ऐकलेली काही माणसं आमच्या भजन मंडळात अजून आहेत. त्यांच्या चाली कुठं लिहिलेल्या नाहीत, त्यांच्या गळ्यातच आहेत. मोबाइलवर रेकॉर्ड केलं की खंजिरीची थाप पडताच मोबाइल सगळाच आवाज आपोआप खाली ओढतो आणि नेमका त्याच जागी शब्द गडप होतो. पोरांना चाल शिकवायची तर तो शब्द आणि त्यावरची थाप, दोन्ही स्पष्ट पाहिजेत. म्हणून ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणारी डबी, घेऊन लॅपटॉपवर नीट रेकॉर्ड करायचा विचार करून राहिलो. सोयाबीनची सोंगणी लागली की मंडळातलं कोणी हाती लागत नाही, त्याआधी बसायचं आहे.

लॅपटॉप आय-५ चा आहे, ८ जीबी रॅम, विंडोज १०. मंडळाकडे दोन डायनॅमिक माइक आहेत, वायरीला एका टोकाला कॅनन पिन (तीन पिनांची एक्सएलआर) आणि दुसऱ्या टोकाला पी-३८ (मोठा जॅक). बजेट १५,००० रुपये, वर्गणीतून. गाणारे बुवा, पेटी, तबला, टाळ आणि मागे धरणारे सहा-सात जण, सगळे एकदमच बसतात. एकेकाला वेगळं बसवून त्यांच्याकडून भजन होणार नाही आणि मला तसं करायचंही नाही.

वाचून एवढं कळलं: गाणारा हेडफोन लावून आधी रेकॉर्ड झालेल्या ट्रॅकवर गाणार असेल तेव्हा लेटन्सीचा, म्हणजे आवाज कानात उशिरा पोचण्याचा, प्रश्न मोठा होतो. आमच्यात सगळं एकदम वाजणार, त्यामुळं त्याची चिंता मी सोडली. १९२ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटचीही (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) गरज दिसत नाही. माणसाचा कान २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि ४८ किलोहर्ट्झला रेकॉर्ड केलं की २४ पर्यंतचं सगळं येतं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, चार ट्रॅक धरले तरी तासाला साधारण २ जीबी. एवढं यूएसबी २.० सहज ओढतं.

अडलंय ते इनपुटच्या संख्येवर. फोकसराइटचा दोन इनपुटवाला स्कार्लेट २आय२ घेऊ, की बेहरिंगरचा चार प्रीअँपवाला (प्रीअँप म्हणजे माइकचा कमजोर सिग्नल वाढवणारा भाग) यूएमसी४०४एचडी? स्वस्तातले दोन-इनपुटवाले दोन घेऊन एकाच लॅपटॉपला जोडता येतात का? बिछायत केंद्रवाला भाऊ म्हणतो, त्याचा यूएसबीवाला मिक्सरच न्या. आणि लाइटचा भरवसा नाही, इन्व्हर्टर आहे पण त्याच्यावर स्पीकर लावला की घरघर येते. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद, नागपूरहून

भाऊ, आधी मिक्सरचं. यूएसबी दिसलं म्हणजे काम झालं असं समजू नका. बऱ्याच स्वस्त मिक्सरवर ते फक्त पेनड्राइव्ह वाजवायला असतं. कॉम्प्युटरला जोडता आलं तरी बहुतेक वेळा सगळे चॅनल एकत्र होऊन डावा-उजवा असे दोनच ट्रॅक पोचतात. नंतर पेटी कमी करायची म्हटलं तर करता येणार नाही. यामाहाच्या एमजी१०एक्सयू सारख्या चांगल्या मिक्सरचंही यूएसबी दोन चॅनलचंच आहे.

दोन इंटरफेस एकत्र लावू नका. विंडोजवर रेकॉर्डिंगचा प्रोग्राम एका वेळी एकच एएसआयओ ड्रायव्हर (प्रोग्रामला इंटरफेसशी जोडणारं सॉफ्टवेअर) धरतो. जुगाड करून दोन चालवले तरी दोघांची घड्याळं वेगळी चालतात आणि लांबलचक भजनात ट्रॅक एकमेकांपासून सरकत जातात.

नावातल्या आकड्यानंही फसू नका. स्कार्लेट ४आय४ मध्ये माइकचे प्रीअँप दोनच आहेत, बाकीचे दोन इनपुट लाइनचे, म्हणजे मिक्सर-कीबोर्डसारख्या जोरदार सिग्नलचे. चार माइक लावायचे तर यूएमसी४०४एचडी बरोबर, पण त्याला स्वतःचा अडॅप्टर लागतो. लाइट गेली की तो बंद. दोन इनपुटवाले बहुतेक यूएसबीवरच चालतात, लॅपटॉपच्या बॅटरीवर रेकॉर्डिंग सुरू राहतं. घरघर बहुधा इन्व्हर्टरच्या चौकोनी वेव्हची असेल किंवा अर्थिंग नसल्यानं येत असेल. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड केलं तर दोन्ही कटकटी एकदम जातात. तुमच्या गावात माझ्या मते हाच मुद्दा सगळ्यांत मोठा आहे.

प्रतिसाद, वर्ध्याहून

दादा, एक विचारू का? बुवा स्वतःच खंजिरी वाजवत गातात ना? मग गळा आणि खंजिरी वेगवेगळ्या ट्रॅकवर घेणं चार माइकनंही जमणार नाही, दोन्ही हातभर अंतरात आहेत. माइक हनुवटीच्या उंचीवर ठेवून वर तोंडाकडे वळवा, म्हणजे त्याची पाठ खाली खंजिरीकडे येते. कार्डिऑइड, म्हणजे समोरचंच जास्त ऐकणारा, माइक पाठीमागचा आवाज सगळ्यांत कमी उचलतो. दुसरा माइक पेटी आणि धरणाऱ्यांच्या समोर, जरा लांब. भजनाला दोन ट्रॅक पुरतात. एका खोलीत चार माइक लावले तर प्रत्येकात सगळ्यांचा आवाज शिरतो आणि एकत्र केल्यावर तो पोकळ ऐकू येतो.

तुमची पी-३८ ची वायर मात्र बदलाच. दोन्हीकडे कॅनन पिन असलेली घ्या. इंटरफेसच्या जोड-सॉकेटमध्ये (कॅनन पिन आणि मोठा जॅक दोन्ही बसतात त्यात) मोठा जॅक घातला की सिग्नल माइकच्या प्रीअँपला जातच नाही, लाइन किंवा गिटारच्या इनपुटला जातो. आवाज अगदी बारीक येतो आणि लोक इंटरफेसला दोष देतात.

गेनचा, म्हणजे प्रीअँप सिग्नल किती वाढवतो त्याचा, आकडा पाहून घ्या. डायनॅमिक माइकचा सिग्नल मुळातच कमजोर. शुअर एसएम५८ घ्या, मोठ्या आवाजालाही दोनेक मिलिव्होल्टच देतो. २आय२ च्या तिसऱ्या पिढीत ५६ डेसिबल गेन आहे, चौथ्या पिढीत ६९. जवळून गाणाऱ्या बुवांना ५६ पुरेल, लांबच्या माइकला चौथी पिढी बरी. बुवांना सगळ्यांत जोरात थाप मारायला लावा आणि तेव्हा मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन ठेवा. २४ बिटमध्ये आवाज कमी राहिला तर नंतर वाढवता येतो. फाटलेला आवाज मात्र परत येत नाही.

पैसे वाढवता आले तर झूम एच६ सारखा रेकॉर्डरही पाहा. चार माइक घेतो, चार पेन्सिल सेलवर चालतो, लॅपटॉप नसला तरी कार्डवर रेकॉर्ड करतो आणि जोडला तर इंटरफेसचंही काम करतो. नवा घेतला तर तुमच्या बजेटच्या वर जाईल.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. बुवा स्वतःच वाजवतात, हे बरोबर ओळखलं. चार इनपुटचा विषय संपला. दोन इनपुटचा, यूएसबीवर चालणारा घेतो, आणि वायरी आधी. मंडळातल्या काकांना सांगितलं तर म्हणाले, "लाइट गेली तरी भजन थांबत नाही, मग तुही मशीन काहून थांबावं?" त्यांना बॅटरीचं पटलं.

आता दुसऱ्या माइकचं सांगा. आमची प्रार्थनेची खोली टिनाची आहे, भिंती उघड्या, आवाज घुमतो. कापूस घरी आला की गंजी लागलेल्या खोलीत घुमत नाही, पण तो येतो दसरा-दिवाळीकडे. आत्ता गाद्या, गोधड्या टांगू शकतो. अशा खोलीत पेटी आणि धरणाऱ्यांसाठी इंटरफेसच्या ४८ व्होल्टवर चालणारा कंडेन्सर (डायनॅमिकपेक्षा बारीक आवाजही उचलणारा माइक) लावला तर तो टिनाचा घुमारा आणि बाहेरचं सगळंच उचलेल, अशी मला भीती वाटते. मग मंडळाचाच दुसरा डायनॅमिक दोन-अडीच फुटांवर ठेवू, की सगळ्यांना ओसरीत बसवून कंडेन्सर लावू? ओसरीच्या तीन बाजू मोकळ्या आहेत, समोर रस्ता आहे, पण रात्री नवानंतर त्यावर फारशी गाडी जात नाही. आणि पावसाळ्यात खंजिरीचं कातडं सैल पडतं, बुवा दर दोन भजनांनी ते शेकतात. दर शेकण्यानंतर गेन पुन्हा लावावा लागेल, की पहिल्यांदाच थोडी जागा सोडून ठेवली तर चालेल?