आत्याबाई ब्रिटिश नागरिक आहेत, आता कायमच्या गावी राहणार. कोणते कागद लागतील?

वर्षा, ता. आर्वी

नमस्कार मंडळी. माझ्या आतेसासूबाईंनी इंग्लंडमध्ये नर्स म्हणून जन्म काढला. यजमान गेले, मूलबाळ नाही. दिवाळीपासून त्या इथे माहेरच्या घरी आहेत आणि आता इथेच राहायचं म्हणतात. आम्हा सगळ्यांना ते हवंच आहे.

पासपोर्ट ब्रिटिश, सोबत ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते. परवा एका ओळखीच्या गृहस्थांनी ओसरीवर बसून सांगितलं की परदेशी माणसाला 180 दिवसांवर राहता येत नाही, 14 दिवसांत पोलिसांत नोंद करावी लागते, नाहीतर गुन्हा. ते गेल्यावर आत्याबाईंनी माळ्यावरची बॅग खाली काढायला लावली. 69 वर्षांची बाई स्वतःच्या बापाच्या घरातून कपडे भरायला लागली, ते मला बघवेना. खरं काय ते कोणीतरी नीट सांगा.

दुसरं म्हणजे त्यांचा पासपोर्ट नवीन झाला आहे आणि कार्डावर जुनाच नंबर आहे. तिसरं, तिकडच्या पेन्शनवाल्यांचं पत्र आलं, जिवंत असल्याचा फॉर्म भरून पाठवा म्हणून. पाकीट किराणा दुकानात किती दिवस पडून होतं कोण जाणे, कोपरे तेलकट झालेले. फॉर्मवर साक्षीदाराची सही लागते. आमचे हे जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहेत, त्यांची चालेल का? आणि सासरे म्हणतात बहिणीच्या नावाने 2 एकर करून देतो, तिला आधार होईल. शेजारचं वावरही विकायला निघालंय, ते आत्याबाईंच्या पैशाने घ्यावं असंही घरात चाललंय.

निवृत्त अव्वल कारकून, वर्धा

ताई, आधी ती बॅग माळ्यावर ठेवा. 180 दिवसांची मर्यादा टुरिस्ट व्हिसावाल्यांना असते. 14 दिवसांत नोंदणीचा नियम लांब मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्यांसाठी आहे. ओसीआय हा आजीवन व्हिसा आहे, कितीही दिवस राहा, नोंदणी लागत नाही. एक मात्र करा. केंद्राच्या 4 मार्च 2021 च्या अधिसूचनेप्रमाणे भारतात राहणाऱ्या ओसीआयधारकाने कायमचा पत्ता किंवा व्यवसाय बदलला की विदेशी नोंदणी अधिकाऱ्याला ईमेलने कळवायचं असतं. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असतं. ईमेल पाठवा, प्रिंट काढून कार्डासोबत ठेवा. पुन्हा कोणी ओसरीवर येऊन कायदा सांगू लागला तर ती प्रिंट दाखवा.

नवीन पासपोर्टसाठी कार्ड बदलावं लागत नाही. वयाच्या पन्नाशीनंतर नवा पासपोर्ट मिळाला की एकदा ओसीआयच्या पोर्टलवर त्याची प्रत आणि ताजा फोटो चढवायचा, 3 महिन्यांच्या आत. फी नाही. पन्नाशीनंतर आधीच्या पासपोर्टच्या वेळी हे केलं असेल तर आता तेही नको. एजंट पैसे मागेल, देऊ नका. जुना पासपोर्ट फेकू मात्र नका.

आता जमिनीचं, आणि इथे मी जरा स्पष्ट बोलतो. ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्राने घेता येत नाही, फार्महाऊसही नाही. गावात राहतं घर किंवा अकृषक प्लॉट घेता येतो. म्हणजे शेजारचं वावर विसरा. भावाने प्रेमाने 2 एकर लिहून देणंही बसत नाही. पण वारसाने आलेली शेती त्या ठेवू शकतात. म्हणून प्रश्न असा विचारा की त्यांचे वडील वारले तेव्हाच्या वारस फेरफारात आत्याबाईंचं नाव आहे का? मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. पटवाऱ्याकडून जुना सातबारा आणि फेरफाराची नक्कल काढा. नाव नुसतं राहून गेलं असेल तर वारस नोंदीसाठी अर्ज करता येतो. त्यांनी लग्नानंतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे कित्येक बहिणींच्या सह्या राखीच्या दिवशी घेतलेल्या मी पाहिल्या आहेत, काय लिहिलंय हे त्यांना कोणी वाचून दाखवलं नव्हतं. तसं असेल तर वकिलाला भेटा. मनातल्या मनात ठेवू नका.

मूळची वणीची, सध्या लेस्टर

वर्षाताई, पेन्शनचा फॉर्म सगळ्यात आधी. तो वेळेत गेला नाही तर पेन्शन थांबते. साक्षीदार नातेवाईक किंवा एकाच घरात राहणारा नको, म्हणून तुमच्या यजमानांची सही चालणार नाही. त्यांच्याच शाळेतले दुसरे गुरुजी चालतील, बँकेतले अधिकारी चालतील. साक्षीदाराकडे ब्रिटिश पासपोर्ट असावा लागत नाही. फॉर्म पावती मिळेल अशा टपालाने पाठवा, पावती सांभाळा. इंटरनॅशनल पेन्शन सेंटरला पत्ता नव्याने कळवा, तालुका, जिल्हा, पिनकोड, मोबाईल सगळं घालून.

आणखी एक, जे आत्याबाईंना बहुतेक कोणी सांगितलं नसेल. भारतात राहणाऱ्यांची ब्रिटिश स्टेट पेन्शन दरवर्षी वाढत नाही, आहे त्या दरावर गोठते. इंग्लंडमध्ये राहिलं असतं तर वाढ मिळाली असती. इतकी वर्षं कर आणि विमा भरलेल्या बाईवर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं, माझ्या आईचंही असंच झालं. पण पुढच्या वीस वर्षांचा हिशेब आजच्याच आकड्यावर मांडा, दवाखान्याचा खर्च धरून.

झाडीपट्टीतला

आधारचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मागच्या 12 महिन्यांत 182 दिवस इथे राहिल्या असतील तर ओसीआयवर आधार निघते, मुदत 10 वर्षांची. माझ्या मोठ्या बाबाचं निघालं बापा, काही त्रास नाही झाला. मतदान तेवढं करता येत नाही. आन ताडोब्याले नेलं तर कार्ड सोबत ठेवा, परदेशी दराचं तिकीट लागत नाही, आपल्यावालंच लागते.

वर्षा, ता. आर्वी

सगळ्यांचे खूप आभार. हे सगळं आत्याबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. हक्कसोडपत्राचं ऐकून सासरे म्हणाले, सही घेतली होती, पण कशावर ते आठवत नाही. नक्कल काढायला सोमवारी दोघं बहीणभाऊ सोबतच तहसीलला जाणार आहेत. कारकून साहेब, 1980 च्या आसपासचा फेरफार असेल तर तो पटवाऱ्याकडे मिळेल की तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करावा लागेल?