मदत हवी आहे: ठरली नोकरी, पत्र आलं सल्लागाराचं. सही करू का?

नमस्कार मंडळी,

मी मेकॅनिकल इंजिनिअर, राहणार जळगाव. दोन वर्षांपासून इथल्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याला साच्यांची डिझाइनं करून देतोय. काम घरून, संगणक माझा, ड्रॉइंगमागे बिल. भुसावळच्या दोन वर्कशॉपचंही काम सोबत चालायचं. व्यावसायिक फीसाठीच्या आयकर कलम १९४जे खाली १० टक्के टीडीएस (आगाऊ कापला जाणारा कर) कापून पैसे येत, मी ४४एडीए या व्यावसायिकांसाठीच्या अंदाजित नफ्याच्या कलमाप्रमाणे निम्मी रक्कम नफा दाखवून आयटीआर-४ हे विवरणपत्र भरत होतो.

गेल्या महिन्यात तोंडी ठरलं की मला डिझाइन विभाग सांभाळायला पगारावर घेणार. त्या भरवशावर भुसावळची कामं सोडली. सोमवारी पत्र हातात पडलं ते वेगळंच. पद ‘सल्लागार’, महिना ६५,००० ठोक. पण रोज ९ ते ६ हजेरी, येता-जाता अंगठा, रजेला मॅनेजरची परवानगी, दुसरीकडे काम बंद. पीएफचं नाव नाही.

विचारलं तर म्हणे, “यात तुमचाच टॅक्स वाचतो.” रात्री हिशोब मांडला. वर्षाचे ७,८०,०००. सल्लागार म्हणून निम्मे, म्हणजे ३,९०,००० करपात्र. पगार धरला तर ७५,०००ची प्रमाणित वजावट जाऊन ७,०५,०००. २०२५-२६ला नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७एची करसवलत आहे, म्हणजे कर दोन्हीकडे शून्यच! उलट सल्लागार राहिलो तर महिन्याला ६,५०० टीडीएस कापला जाणार आणि वर्षाचे ७८,००० परतावा येईपर्यंत अडकणार. वर पीएफमधला कंपनीचा वाटा गेला तो गेलाच. घराच्या कर्जासाठी बँक फॉर्म १६ (पगार आणि त्यावरच्या टीडीएसचा मालकाने दिलेला दाखला) मागतेय, तोही मिळणार नाही.

खरी काळजी पुढची आहे. आयकर खातं पत्रातलं पद बघतं की प्रत्यक्ष काम? हजेरी, रजा, एकच मालक हे बघून उद्या त्यांनी हा पगारच ठरवला, तर ४४एडीए टिकणार नाही. मग नोटीस मला येईल की टीडीएस चुकीच्या कलमात कापला म्हणून कंपनीला? आणि मागची दोन वर्षं, जेव्हा मी खरोखर स्वतंत्र होतो, तीही उकरली जातील का?

मी कंपनीला दोनच पर्याय द्यायचं म्हणतोय: हजेरीची आणि दुसरीकडे काम न करण्याची अट काढा, नाहीतर सरळ पगारावर घ्या. असं लेखी मागितलेलं कोणी आहे का? मजकूर कसा केला होता? माझे सीए कराचं सांगतात, पीएफचं वकिलाला विचारा म्हणतात. जळगाव-धुळ्याकडे दोन्ही बघणारं कोणी माहीत असेल तर व्यक्तिगत निरोपात कळवा. शनिवारी सही मागितली आहे.