मदत हवी आहे: अख्खा लसूण ओव्हनमध्ये भाजताना वरून कडू, आतून कच्चा

लसूणघास:
ओटीजी २८ लिटरचा, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, २०० अंश सेल्सिअस, ४५ मिनिटं. गड्ड्याचा शेंडा कापून, तेल घालून, फॉइलमध्ये गुंडाळून ठेवते. वरच्या पाकळ्या काळ्या आणि कडू, मधल्या मात्र तिखटच. लसूण गावठी, बारीक पाकळ्यांचा. कुठे चुकतंय? आणि भाजलेल्या पाकळ्या तेलात बुडवून ओट्यावर किती दिवस टिकतील?

उखळ:
हे तापमान आणि ही वेळ मोठ्या, जाड पाकळ्यांच्या गड्ड्यांची आहे. गावठी लसणाला जास्त होते. १८० अंश ठेवा, ओव्हन १० मिनिटं आधी तापवा. जाळी मधल्या कप्प्यात नाहीतर त्याच्या खाली. छोट्या ओटीजीत वरचा रॉड फार जवळ येतो, काळं पडण्याचं निम्मं कारण तेच.

शेंडा साधारण अर्धा सेंमी कापा, म्हणजे प्रत्येक पाकळीचं तोंड उघडं होईल. मधली पाकळी बंद राहिली तर तेल आत जात नाही. बुंधा कापू नका, गड्डा सुटतो. बाहेरची सुटी फोलपटं काढा, पाकळीवरचं साल राहू द्या. गड्ड्यामागे एक छोटा चमचा तेल, चिमूटभर मीठ. मग एक चमचा पाणी शिंपडून फॉइल घट्ट मिटा. वाफ कोंडली की मधल्या पाकळ्याही शिजतात. ३० मिनिटांनी सुरी टोचून पाहा. लोण्यात गेल्यासारखी गेली तर फॉइल उघडून ५-७ मिनिटं रंगापुरतं ठेवा. बदामी रंग आला की बाहेर, चॉकलेटी झाला की कडूच.

आणि लसूण आधी ठेचू नका. पाकळी चिरडली की तिखटपणा तयार होतो. अख्खी भाजली तर तो तयार करणारं एन्झाइम उष्णतेने आधीच निकामी होतं, म्हणून चव गोडसर येते.

कोकमसार:
फॉइल नको असेल तर झाकणाचं छोटं ओव्हनप्रूफ भांडं चालतं. मातीचं असेल तर तापलेल्या ओव्हनमध्ये गार भांडं सारू नका, तडकतं. ओव्हनसोबतच तापू द्या. एका गड्ड्यासाठी एवढी वीज जाळणं मला काही पटत नाही; सहा-आठ एकदम लावा, फार तर ५ मिनिटं जास्त लागतील.

उखळ:
तेलाचं राहिलंच. ओट्यावर एक दिवसही नको. लसणाला मातीतून क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू चिकटून येऊ शकतात. ओव्हन १८० वर असला तरी पाकळीत पाणी असेपर्यंत आत शंभराच्या वर जात नाही, आणि तेवढ्याने ते मरत नाहीत. तेलाखाली हवा नाही, लसणात आंबटपणा नाही: त्यांना वाढायला हेच लागतं. वास, रंग काही बदलत नाही, पण विष जिवावर बेतू शकतं. फ्रिजमध्ये चार दिवस, त्यापुढे डीप फ्रीझर. पाकळ्या पिळून लगदा करा, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, मग वड्या डब्यात भरा.

लसूणघास:
मग लसणाचं लोणचं बाहेर कसं टिकतं?

उखळ:
लिंबाचा रस किंवा व्हिनेगर आणि भरपूर मिठामुळे. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (जितका कमी तितकं आंबट), ४.६ च्या खाली गेला की हे बीजाणू वाढू शकत नाहीत. भाजलेल्या लसणावर नुसतं तेल ओतलं तर त्यातलं काहीच नसतं. अंदाजाने चार थेंब लिंबू पिळून तो लोणच्यासारखा बाहेर ठेवता येणार नाही.

कोकमसार:
लिंबू पिळल्यावर लसूण कधी हिरवा-निळा दिसतो, त्याला घाबरू नका. आंबटाशी होणारी क्रिया आहे ती, खायला चालतो. लगदा वरणात घालायचा तर गॅस बंद केल्यावर ढवळा, उकळीत ही गोडसर चव हरवते.

लसूणघास:
जाळी सगळ्यात वरच्या कप्प्यात होती! खाली घेऊन १८० वर लावते. आभार.