अर्नोल्ड बेकमन: मोठं काय, यंत्र की देणग्या?

पाषाणकर
अमेरिकी रसायनतज्ज्ञ आणि उद्योजक अर्नोल्ड बेकमन (१९००–२००४) यांच्याबद्दल लिहिताना बहुतेक जण त्यांच्या देणग्यांपाशी थांबतात. पत्नी मेबल यांच्यासह १९७७ साली काढलेलं प्रतिष्ठान, इलिनॉय विद्यापीठाला १९८५ साली दिलेले ४ कोटी डॉलर, कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठातली संस्था, तरुण संशोधकांसाठीची अनुदानं. माझं मत वेगळं आहे. त्यांचा खरा वारसा १९३४ सालचा पीएच मीटर, म्हणजे आम्लता मोजणारं यंत्र, आहे आणि देणगीदारांनी धडा घ्यायचा तो त्या यंत्राकडून.

अडचण लिंबाच्या रसाची होती. कॅलिफोर्नियातल्या फळबागायतदारांच्या सहकारी संस्थेतले रसायनतज्ज्ञ ग्लेन जोसेफ यांना रसाची आम्लता मोजायची होती. रसात सल्फर डायऑक्साइड असायचा. त्याने लिटमसचा रंग उडायचा आणि हायड्रोजन इलेक्ट्रोड (द्रावणात बुडवून विद्युतदाब मोजायचा भाग) निकामी व्हायचा. उरला काचेचा इलेक्ट्रोड. पण काचेचा रोध प्रचंड, त्यातून येणारा प्रवाह गॅल्व्हानोमीटरला जाणवेना. म्हणून काच अतिशय पातळ करावी लागे आणि ती सारखी फुटे. बेकमननी क्षीण प्रवाह वाढवणारा व्हॅक्यूम ट्यूबचा अॅम्प्लिफायर जोडला, त्यामुळे जाड, टिकाऊ काच चालू लागली. मग सगळं एका पेटीत बसवलं. ती १९५ डॉलरची पेटी इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेला माणूसही वापरू शकत होता.

आपल्या साखर कारखान्यांत रसाला चुना आणि गंधकाचा धूर देतात तिथे हाच सल्फर डायऑक्साइड असतो. रसाचा पीएच ७ च्या आसपास राखावा लागतो. खाली गेला तर सुक्रोजचं विघटन होऊन साखर हातची जाते, वर गेला तर ग्लुकोज-फ्रुक्टोज बिघडून रस काळवंडतो. पुणे जिल्ह्यात गाळप सुरू असतं तेव्हा हे मोजमाप चोवीस तास चालतं.

खोडदचा वाटसरू
पाषाणकर, तुमचा मुद्दा मला मान्य नाही. काचेचा इलेक्ट्रोड हाबर आणि क्लेमेन्सिएविच यांनी १९०९ मध्येच दाखवला होता. ट्यूब वापरून त्याचा व्होल्टेज मोजायचे प्रयोगही बेकमनच्या आधी झाले होते. त्यांनी ते सुटसुटीत केलं, याचं श्रेय पूर्ण द्यावं. पण ते नसते तर पाच-सात वर्षांत दुसऱ्या कोणी केलं असतं. संस्थेचं तसं नसतं. पैसा वेळेवर आला नाही तर ती उभीच राहत नाही.

दाखला इथलाच आहे. १९४५ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) सुरू झाली. पुढे सरकारने ती वाढवली. पुणे विद्यापीठाच्या आवारातलं एनसीआरए हे रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र तिचाच भाग आणि नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण त्यातूनच उभी राहिली. सुरुवातीची देणगी इतकी दूर जाते. बेकमनच्या इलिनॉयच्या देणगीतही राज्य सरकारने १ कोटी डॉलरची भर घातली. खासगी पैसा आधी आला की सरकारही पुढे येतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

बफर सात
संस्था उभी राहते हे खरं, पण आत काय चालू असतं ते बघा. देणगीतून आलेला पीएच मीटर डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत) चढतो आणि वर्षभरात बंद पडतो. मीटर बहुधा ठीक असतो, मेलेला असतो तो इलेक्ट्रोड.

कारणं ठरलेली आहेत. पहिलं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवणं. त्याने आतलं मीठ बाहेर झिरपतं. ठेवायचा ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये: २२.४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, एकूण द्रावण १०० मिली. कोरडा पडला असेल तर त्याच द्रावणात रात्रभर ठेवा, बरेचदा जगतो. दुसरं, टिश्यूने घासून पुसणं. धुऊन फक्त टिपायचा. तिसरं, जंक्शन, म्हणजे आतलं द्रावण बाहेरच्या द्रावणाला जिथे भेटतं ती सच्छिद्र जागा, तुंबणं. चुन्याचा थर ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने निघतो, दुधाची प्रथिनं निघत नाहीत; त्यांना आम्लात पेप्सिन घालावं लागतं.

तपासणी पाच मिनिटांची आहे. मिलिव्होल्टवर लावून बफर ७ मध्ये (पीएच ७ ठरलेल्या द्रावणात) बुडवा, आकडा शून्याच्या आसपास, फार तर ±३० हवा. मग बफर ४. दोन्हींतला फरक २५ अंशांना सुमारे १७७ मिलिव्होल्ट यायला हवा. साफ करूनही १६८ च्या खाली राहिला तर इलेक्ट्रोड बदला.

कारखान्यातल्या गरम रसाबाबत अजून एक. मीटरमधली तापमान-दुरुस्ती फक्त इलेक्ट्रोडचा उतार (एका पीएचमागे बदलणारे मिलिव्होल्ट) सुधारते, २५ अंशांना ५९.१६ आणि ६० अंशांना ६६.१ मिलिव्होल्ट प्रति पीएच. गरम रसाचा पीएच मुळातच थंड रसापेक्षा वेगळा असतो, तो फरक मीटर भरून काढत नाही. दोन पाळ्यांनी वेगवेगळ्या तापमानाला मोजलं तर आकडे जुळणार नाहीतच.

हे सगळं करणारा प्रशिक्षित लॅब असिस्टंट आणि दोन-चार हजारांचा इलेक्ट्रोड, यांसाठी देणगीदार सापडत नाही.

कलम १३५
त्यामागे कायदाही आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर, खर्च करायचे असतात. चालू प्रकल्पही सुरुवातीचं वर्ष सोडून तीनच वर्षं चालवता येतो. आणि जानेवारी २०२१ पासून एखाद्या संस्थेच्या कायम निधीत दिलेला पैसा सीएसआर धरला जात नाही. म्हणजे ज्याच्या व्याजावर वर्षानुवर्षं इलेक्ट्रोड आणि पगार निघतील असा निधी सीएसआरमधून उभा करता येत नाही. मग कंपन्या उपकरण घेतात, कोनशिला बसवतात.

बेकमननी दिला तो स्वतःचा पैसा. इथेही वाट तीच, उद्योजकाने वैयक्तिक पैसा द्यावा. दहा लाखांचा निधी, व्याज सात टक्के धरलं तर वर्षाला सत्तर हजार. एका विभागाचे इलेक्ट्रोड, बफर आणि दुरुस्ती यांना ते पुरतात. पगार मात्र त्यातून निघत नाही, त्याला निधी कितीतरी मोठा लागेल.

खोडदचा वाटसरू
निधीचा मुद्दा पटला. पण बेकमनच्या पैशाने यंत्रापलीकडेही काही घडलं. १९५५ मध्ये त्यांनी ट्रान्झिस्टरच्या शोधकांपैकी एक असलेल्या शॉकली यांना प्रयोगशाळेसाठी पैसा दिला. १९५७ मध्ये तिथून आठ जण बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर काढली. बेकमनना तो धंदा तोट्यात विकावा लागला, सिलिकॉन व्हॅलीला मात्र त्यातून बळ मिळालं. इलेक्ट्रोडच्या हिशोबात अशी जोखीम कुठे बसवायची?

पाषाणकर
ती जोखीम त्यांनी उद्योजक म्हणून घेतली होती, दाता म्हणून नव्हे. आणि घेता आली कारण पीएच मीटर आणि १९४१ चा डीयू स्पेक्ट्रोफोटोमीटर (पदार्थ किती प्रकाश शोषतो ते मोजणारं यंत्र) विकून कंपनी उभी होती. जीवनसत्त्व अ मोजायला पूर्वी उंदरांवर आठवडे जायचे, डीयूवर ते काम मिनिटांत होऊ लागलं. टीआयएफआरचा दाखला मात्र मी खोडू शकत नाही. बफर सात, ती मिलिव्होल्टची तपासणी एका पानावर लिहून द्याल का? तालुक्याच्या महाविद्यालयांत मीटरशेजारी लावता येईल.

बफर सात
देतो. त्यात बफर उघडल्याची तारीख लिहायला रकाना ठेवतो. ९.२ चा बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून खाली घसरतो, आणि जुन्या बाटलीवर कॅलिब्रेशन केलं की पुढचे सगळे आकडे चुकतात.